मुदतवाढ एकदाच

कायदा खात्याच्या मसुदा शाखेत कोरा कागद फक्त डब्याखाली अंथरायला वापरत. नवा कायदा करायचा म्हणजे कपाटातून एखादा जुना, वापरून वापरून मऊ पडलेला कायदा काढायचा, त्यातली नामं बदलायची, शिक्षा थोडी वाढवायची आणि वर चालू साल टाकायचं. ह्या जुन्या कायद्याला शाखेत 'अस्तर' म्हणत. पुलांचा कायदा बोटींच्या अस्तरावर शिवलेला होता आणि दंतवैद्यांचा कायदा कुलूप दुरुस्त करणाऱ्यांच्या. दोन्ही उत्तम चालले होते. निदान कुणाची तक्रार नव्हती, कारण कुणी ते वाचले नव्हते.

ह्या कामात सगळ्यांत मुरलेला माणूस म्हणजे पोटकलम. हे नाव त्याला शाखेतल्या टंकलेखिकेने ठेवलं होतं आणि ते असं काही बसलं, की पगारपत्रकावरचं नाव वाचून लोक 'हे कोण नवीन?' म्हणून विचारत. तो बुटका होता हे एक कारण. दुसरं असं, की 'चहा घेणार का?' एवढं विचारलं तरी तो म्हणे, "घेईन, परंतु अर्धा, आणि तोही साखर नसल्यास, मात्र कालच्यासारखा गार असेल तर हा होकार रद्द समजावा." पन्नाशी गाठली होती, लग्न करायचं राहून गेलं होतं, आणि तेवीस वर्षांत त्याने एकही वाक्य शून्यातून लिहिलेलं नव्हतं. ह्याचा त्याला अभिमान होता.

एका सोमवारी उपसचिवबाईंनी त्याला बोलावलं.

"नऊ दिवसांत मसुदा हवाय. मागे कुणी नसलेल्या मुलांना बालगृहात न ठेवता चांगल्या घरांत सांभाळायला द्यायचं आणि त्या घरांना सरकारने आधार द्यायचा, असा कायदा. मंत्र्यांनी भाषणात जाहीर करून टाकलाय."

"अस्तर कुठलं घेऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा. फक्त पाळीव प्राण्यांचा घेऊ नका. मागे एका खात्याने घेतला होता. लोक हसले."

पोटकलमने तीन दिवस कपाटं धुंडाळली. घरभाड्याचा कायदा पाहिला, पण त्यातलं प्रत्येक कलम फिरून फिरून हकालपट्टीवरच येत होतं. गोदामांच्या कायद्यात उंदरांचा उल्लेख फार होता. शेवटी खालच्या कप्प्यात त्याला सार्वजनिक ग्रंथालयांचा जुना कायदा सापडला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. काय सभ्य कायदा होता! 'काळजीपूर्वक हाताळावे.' 'घेतले तसेच परत करावे.' 'आवाज करू नये.' शिवाय हिशेब अगदी चोख जुळत होता: सरकारची एक मौल्यवान वस्तू काही काळासाठी एका भल्या घरी द्यायची. पोटकलमने 'ग्रंथ' तिथे 'बालक' केलं, 'वाचक' तिथे 'पालक कुटुंब' केलं, 'ग्रंथपाल' तिथे 'बालकल्याण अधिकारी' केलं, आणि नवव्या दिवशी दुपारीच मसुदा टेबलावर ठेवला.

टंकलेखिकेने एक-दोन ठिकाणी त्याला वाचवलं.

"कलम अकरात 'बालकाची पाने दुमडू नयेत' असं राहिलंय."

"काढा ते."

"आणि 'बालकाजवळ खाद्यपदार्थ नेऊ नयेत'?"

"तेही काढा."

"'बालक दमट जागी ठेवू नये'?"

"ते राहू द्या. ते चांगलं आहे."

ते इतकं चांगलं होतं, की वर्तमानपत्रांनी त्यावर दोन स्फुटं लिहिली आणि मुलांच्या आरोग्याचा इतका बारीक विचार प्रथमच झाल्याचं म्हटलं. पण सगळ्यांत कौतुक झालं ते कलम सतराचं. ते असं होतं: 'पालक कुटुंबास बालक एका वर्षाकरिता देण्यात येईल. मुदतवाढ एकदाच मिळेल. त्यानंतर, अन्य कुटुंबाने मागणी नोंदवली असल्यास, बालक विनाविलंब जमा करावे.' मंत्री म्हणाले, ह्यामुळे सर्व कुटुंबांना समान संधी मिळेल. उपसचिवबाईंनी पोटकलमच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, पण मग तो हात फाइलवर ठेवला. त्यांच्या परीने ती शाबासकीच होती.

*

पोटकलम एका जुन्या तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचा. तळमजला त्याच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा. पुढच्या खोलीत तिचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मोडक्या खुर्च्या आणि सोफे. लोक बसून बसून ज्यांचा जीव काढत, त्या खुर्च्यांची ताई कातडी सोलायची, आतला सडका काथ्या उपसायची, स्प्रिंगा बांधायची आणि वर नवं कापड ओढून खिळे ठोकायची. खिळे ती ओठांत धरायची. त्यामुळे दिवसभर तिचं बोलणं तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून यायचं. खिळे संपले की बोलणं पूर्ण तोंडाने यायचं, आणि ते ऐकणाऱ्याला महाग पडायचं.

मागच्या खोलीत स्वयंपाक, जेवणाचं टेबल आणि टाचणी.

टाचणी दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा सात वर्षांची होती. बालगृहात जागा पुरेना म्हणून तिला तिथून आणून, सहा आठवडे ठेवून घ्या, असं एक बाई सांगून गेल्या आणि त्यांची बदली झाली. सहा आठवड्यांचं वर्ष झालं, वर्षाचं कार्यालयाने कागद करून आणखी एक वर्ष केलं. बारीक अंगाची, टोकदार बोलणारी. तिला टाचणी म्हणायला ताईला दोन दिवससुद्धा लागले नव्हते. टाचणी ताईला मावशी म्हणायची, म्हणून पोटकलम मामा झाला. तो रात्रीचं जेवण खालीच घ्यायचा आणि तिची गणितं तपासायचा.

आता कुणी विचारील, की जिच्या घरात असं मूल, तिच्या भावाला कलम सतरा लिहिताना काहीच कसं वाटलं नाही? खरं सांगायचं तर नाही वाटलं. त्याच्या डोक्यात 'बालक' हा शब्द होता. खालच्या मजल्यावर होती ती टाचणी. दोघांची गाठ पडली नव्हती. शिवाय कार्यालयातली गोष्ट घरी काढायची नाही हा त्याचा नेम. त्यामुळे ताईलाही पत्ता नव्हता, की नव्या कायद्याचा शिंपी आपल्याच टेबलावर जेवतो.

गाठ पडली ती पुढच्या शनिवारी, जेवताना. ताईने टेबलावर एक सरकारी पाकीट आपटलं.

"वाच हे. तुला ही भाषा कळते."

पत्र बालकल्याण अधिकाऱ्याचं होतं. विधेयक अजून समितीपुढेच होतं, पण अधिकारी नवा आणि उत्साही होता. त्याने 'आगाऊ सूचना' काढली होती. नवा कायदा महिनाअखेर लागू होईल. आपणांस दिलेल्या बालकाची मुदत व मुदतवाढ दोन्ही संपत असून एका कुटुंबाची मागणी नोंद आहे. तरी बालक, त्याचे कपडे व दाखले यांसह, जमा करण्याच्या तयारीत ठेवावे.

"जमा!" ताई म्हणाली. "गॅसचा सिलिंडर आहे का ती? धाकट्या, हे असलं कलम कुठल्या दगडाने लिहिलं असेल रे?"

पोटकलमचा घास तोंडातल्या तोंडात फिरू लागला.

"म्हणजे… शाखेत पुष्कळ लोक असतात."

"तो एकदा माझ्या हाती लागू दे. खुर्ची करून देईन त्याला. फुकट. खिळे उलटे मारून."

टाचणी पत्र आपल्याकडे ओढून वाचत होती. तिने फक्त एक विचारलं, "महिनाअखेर म्हणजे सहलीच्या आधी की नंतर?"

ताई उठून पुढच्या खोलीत गेली. तिथे त्या वेळी करण्यासारखं कुठलंच काम नव्हतं.

*

सोमवारी पोटकलम उपसचिवबाईंच्या दालनात उभा राहिला.

"कलम सतरात छपाईची चूक आहे. शुद्धिपत्रक काढावं लागेल."

"कुठला शब्द?"

"सगळे."

बाईंनी चष्मा काढला. "छपाईची चूक म्हणजे काना राहिला, मात्रा राहिली. अख्खं कलम कसं चुकेल? आणि चुकलं म्हणायचं तर ते आलं कुठून, हे सांगावं लागेल. सांगायचंय?"

पोटकलमने नकारार्थी मान हलवली. मसुदा शाखेत अस्तर कुठलं, हे बाहेर सांगत नसत. तेवढी एकच गोष्ट शाखेत खऱ्या अर्थाने गोपनीय होती. बाकीचं सगळं चहावाल्यालाही माहीत असे.

"गुरुवारी समितीची शेवटची बैठक आहे," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "कुणी नागरिक येऊन हरकत घेऊ शकतो. तीन मिनिटं मिळतात. त्यानंतर ते सभागृहात जाईल आणि तिथे कुणी वाचत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

म्हणजे ताईने हरकत घ्यायची. म्हणजे ताईला सांगायचं.

त्या संध्याकाळी तो कारखान्यात शिरला तेव्हा ताई एका आरामखुर्चीच्या पाठीवर कापड ओढत होती आणि टाचणी जमिनीवर बसून जुने खिळे सरळ करत होती. पोटकलमने खाकरून घेतलं.

"ताई, त्या कलमाच्या बाबतीत, म्हणजे ते ज्या प्रक्रियेतून आलं, तिच्यामध्ये, शाखेच्या प्रचलित पद्धतीनुसार, काही अंशी माझाही—"

ताईने ओठांतले खिळे काढून तळहातावर घेतले. एक एक करून. पाच होते.

"तू लिहिलंस?"

"मी असं नाही म्हणता येणार, कारण मूळ मजकूर—"

"धाकट्या."

"मी."

ताईने एक खिळा लावला आणि ठोकला. असल्या खिळ्याला दोन घाव पुरतात. तिने अकरा मारले. मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "आणि ते डोक्यात आलं कुठून?"

पोटकलमने सांगितलं. ग्रंथालयाचा कायदा, अस्तर, नामं बदलण्याची रीत, सगळं. तेवीस वर्षांत ही गोष्ट त्याने शाखेबाहेर पहिल्यांदाच उच्चारली. उच्चारल्यावर ती किती खुळचट ऐकू येते, हे त्याचं त्यालाच कळलं.

मग जमिनीवरून आवाज आला.

"मग मी गोष्टीचं पुस्तक की अभ्यासाचं?"

"कुठलंच नाहीस ग," पोटकलम म्हणाला.

"कायद्यात तर आहे."

"संदर्भग्रंथ आहेस," ताई म्हणाली. "बाहेर न्यायला बंदी." तिचा आवाज अजून खरखरीत होता, पण निदान तो आला होता.

टाचणीने हातातला खिळा उजेडात धरून त्याचा बाक तपासला. "मामा, कुणी पुस्तक परत केलंच नाही तर?"

"दंड होतो."

"दंड भरला, तरी नाही केलं तर?"

"दुप्पट दंड."

"आणि पुस्तक खूपच त्याचं होऊन गेलं तर? आमच्या वर्गातल्या एकीने लायब्ररीच्या पुस्तकात सगळीकडे लिहून ठेवलंय. चित्रांना मिश्या काढल्यात. शेवट आवडला नाही तर तोपण बदललाय. ते आता दुसऱ्या कुणाला कसं देणार?"

पोटकलम ताडकन वळला. मग तो टोपी विसरून वर गेला आणि टोपी घ्यायला पुन्हा खाली आला. तेवढ्यात ताई म्हणाली, "हा आता दोन दिवस माणसात नसतो."

मंगळवारी सकाळी शाखेचं कुलूप उघडलं तेव्हा तो दारात उभाच होता. जुन्या कायद्याचं तेविसावं कलम. त्याला आठवत होतं, कारण त्यानेच ते मसुद्यातून उडवलं होतं, समासात 'बालकास लागू नाही' असं सुबक अक्षरात लिहून. ते असं होतं: 'ज्या ग्रंथावर एकाच वाचकाने इतक्या नोंदी व दुरुस्त्या केल्या असतील, की तो अन्य वाचकास देण्याजोगा राहिला नाही, असा ग्रंथ त्याच वाचकाकडे कायमचा राहू द्यावा. ग्रंथालयाने त्याचा ताबा पुन्हा मागू नये.'

एवढ्या सत्तर कलमांत माणसाच्या मनाचा अंदाज असलेलं हे एकच कलम होतं, आणि त्याने नेमकं तेच फेकलं होतं. तो खुर्चीत बसला आणि टंकलेखिकेने विचारण्याआधीच म्हणाला, "चहा पूर्ण द्या. कसाही."

टंकलेखिकेने घाबरून पाणीही आणलं.

*

समितीची खोली लांबट होती. मध्ये एक मोठं टेबल, भोवती सात सभासद, भिंतीकडेला नागरिकांसाठी खुर्च्यांच्या दोन रांगा; त्यांत ताई आणि टाचणी. अध्यक्षबाई पूर्वी रुग्णालयात मुख्य परिचारिका होत्या. समोरचा माणूस मंत्री असो वा शिपाई, त्या त्याच्याकडे ताप मोजल्यासारखं बघत. त्यांच्या डावीकडे बसलेले सभासद फर्निचरचे ठेकेदार होते आणि एरवी फक्त गाड्या उभ्या करायच्या जागेबद्दल बोलत.

ताईने आपला एकुलता एक धुवट कोट घातला होता आणि तिच्या तोंडात खिळे नव्हते, त्यामुळे ती स्वतःलाच परकी वाटत असावी. तिने तीन मिनिटांतलं दीड मिनिट वापरलं.

"दोन वर्षं आहे ती माझ्याकडे. कुणी म्हणालं असतं, ती सुखात नाही, तर मी स्वतः पोचवली असती. तसं कुणी म्हणत नाही. नुसतं म्हणतायत, पाळी संपली. मी काय नळाला लावलेली घागर उचलू का?"

एकदोन सभासद हसले. बालकल्याण अधिकारी उभा राहिला. तरुण होता, कान मोठे होते, आणि वाईट मुळीच नव्हता.

"दुसरं कुटुंबसुद्धा फार चांगलं आहे, बाई. त्यांच्याकडे बाग आहे. दीड वर्ष वाट बघतायत."

"त्यांनी हीच मुलगी मागितली आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

अधिकाऱ्याने कागद चाळला. "मुलगी, आठ ते दहा, गणित बरं असलेली, असं आहे."

"म्हणजे ही नव्हे."

"ही त्यात बसते."

"विषयवार मागणी," पोटकलम स्वतःशीच पुटपुटला.

"कोण बोललं?" अध्यक्षबाईंनी मान वळवली. "तुम्हीच मसुदाकार ना? मग सांगा, मुदतवाढ एकदाच, ह्यामागे खात्याचा विचार काय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर खात्यात सर्वांना पाठ होतं. 'सर्व बाबींचा साकल्याने विचार करून.' त्यापुढे कुणी विचारत नसे. पोटकलमच्या शेजारी उपसचिवबाई पेन्सिल धरून शांत बसल्या होत्या. पोटकलम उठला. बुटका असल्यामुळे उठल्याचा फारसा फरक पडला नाही.

"विचार नाही," तो म्हणाला. "हे कलम ग्रंथालय कायद्यातलं आहे. मी तिथून उतरवलं. पुस्तकं सगळ्यांना मिळावीत म्हणून ते होतं. मी पुस्तकाच्या जागी बालक लिहिलं."

उपसचिवबाईंनी डोळे मिटले. कारकुनाचं पेन थांबलं. मग टेबलाच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं टेबलच.

"म्हणून ते दमट जागेचं!" एक सभासद डोळे पुसत म्हणाला. "मी त्यावर भाषण केलं हो!"

"शांतता," अध्यक्षबाई म्हणाल्या, पण त्यांनी स्वतः रुमाल तोंडाशी धरला होता. "पुढे?"

"पुढे असं, की त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, ते मी गाळलं. माझी चूक. ते वाचू का?"

त्याने तेविसावं कलम वाचलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

ठेकेदार सभासदांनी हात वर केला. "हे पुस्तकाला ठीक आहे. तिथे शाई दिसते. मूल एखाद्या घराचं झालंय हे कसं कळणार? काही पुरावा नको?"

हा प्रश्न चांगला होता. पोटकलम उत्तर शोधत असतानाच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आणखी एक. टाचणी नागरिकांच्या रांगेत एका खुर्चीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर बसत चालली होती. प्रत्येक खुर्चीवर ती दोनदा आपटून बघे, कान तिरका करी आणि पुढे जाई. चौथी खुर्ची तिने सरळ उलटी केली.

"ए मुली!" शिपाई धावला.

"काय चाललंय तिथे?" अध्यक्षबाई.

टाचणीने वर बघितलं. बोलली ती तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, ओठ घट्ट मिटून, जणू त्यांत पाच खिळे धरलेत.

"ह्यात काथ्या नाहीये. भुसा भरलाय. आणि पट्टे तीनच मारलेत, सहा पाहिजेत. कुणी बसवलं तुम्हाला ह्यांच्यावर? फसवलंय."

"टाचणे!" ताई कडाडली. "लोकांच्या खुर्च्या उलट्या करायच्या असतात का, न विचारता?"

"विचारलं असतं तर नको म्हणाले असते."

"तोंड वर करून बोलू नकोस!"

"मी खालीच बघतेय! शिवण बघ ही, मावशी. बघ तरी. एका हाताने घातलीय."

ताई समितीला विसरली. ती तरातरा गेली, गुडघ्यावर बसली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून म्हणाली, "झोपेत घातलीय."

"मी तेच म्हणणार होते."

"मग म्हणायचं. घाबरतेस कुणाला?"

दोघींची डोकी खुर्चीच्या पोटात गेली होती आणि आतून वाद ऐकू येत होता, पट्टा कापावा की सोडवावा ह्यावर. दोन आवाजांतला थोरला कोणता नि धाकटा कोणता, हे पाठमोरं ऐकणाऱ्याला सांगता आलं नसतं. ठेकेदार सभासद खिडकीबाहेर बघू लागले. ह्या खुर्च्या कुणी पुरवल्या होत्या हे त्या खोलीत सर्वांना माहीत होतं.

"सन्माननीय सभासदांना," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुरावा पुरे झाला का आणखी हवाय?"

"पुरे," सन्माननीय सभासद खिडकीला म्हणाले.

"मग कलम सतरा रद्द. त्या दुसऱ्या कुटुंबाचं काय, हो अधिकारी? बालगृहात सध्या मुलं किती?"

"चाळीस."

"आणि त्यांतलं एकही ह्या बागवाल्यांना दाखवलं नाहीत?"

अधिकाऱ्याचे कान लाल झाले. "यादीप्रमाणे… पहिल्यांदा मुदत संपलेली…"

"उद्या सकाळी त्यांना घेऊन जा. मुलं बघायला नव्हे. मुलांना ती माणसं बघू दे." मग त्या पोटकलमकडे वळल्या. "तुमचं ते कलम हवं. पण पुस्तकाचं नको, मुलांचं लिहा. दहा मिनिटं देते. कारकून, ह्यांना कागद द्या."

कागद आला. कोरा होता. पोटकलमने तो उलटून पाहिला. मागेही कोराच होता. त्याने पेन उघडलं आणि बंद केलं. तेवीस वर्षं हाताखाली कुठला ना कुठला मजकूर असायचा, त्याच्या कडेला धरून चालता यायचं. आता काहीच नव्हतं. चार मिनिटं गेली.

"अडलं का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सुरुवात कशी करतात, ते माहीत नाही," पोटकलम खरं ते बोलला.

"जे आत्ता बघितलंत ते लिहा की."

त्याने मान वळवून बघितलं. मग लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं आणि वाचून दाखवलं: "जे बालक एखाद्या घरासारखे बोलू, भांडू व काम करू लागले आहे, ते त्या घरातून हलवू नये."

"'भांडू'?" कुणीतरी म्हणालं. "कायद्यात?"

"घरात असतं ते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "राहू द्या."

"एक राहिलं." टाचणी खुर्ची सरळ करून, हात झटकत टेबलाशी आली होती. "आमच्या बालगृहातला एक मुलगा होता. तो ज्या घरी गेला, तिथल्यासारखाच बोलायचा, पण त्याला तिथून यायचं होतं. त्याला विचारा ना."

एवढा साधा मुद्दा सत्तर कलमांत कुणाला सुचला नव्हता. पोटकलमने पेन पुन्हा उघडलं.

"कुठे घालू?"

"मधे. 'त्याला विचारल्याशिवाय' असं."

"'विचारल्यावाचून' बरं दिसेल."

"चालेल," टाचणी मोठेपणाने म्हणाली.

"जे बालक एखाद्या घरासारखे बोलू, भांडू व काम करू लागले आहे, ते त्याला विचारल्यावाचून त्या घरातून हलवू नये." अध्यक्षबाईंनी हात वर करायला सांगितलं. सहा हात वर झाले. सातवा खिडकीकडून आला, जरा उशिरा, पण आला.

उपसचिवबाई दाराशी पोटकलमला गाठून म्हणाल्या, "अस्तर उघडं केलंत हो सगळ्यांसमोर. माझ्या टेबलावर खुलासा लागेल." मग इकडेतिकडे बघून त्यांनी तो अर्धवट राहिलेला हात अखेर त्याच्या पाठीवर मारला. जोरात. सवय नव्हती त्यांना.

खाली अंगणात ऊन होतं. ताई पुढे चालत होती, तिच्या कोटाच्या खिशातून खुर्चीतला भुसा सांडत होता. नमुना म्हणून तिने मूठभर आणला होता. फाटकापाशी टाचणी थांबली.

"मामा, म्हणजे आता नक्की?"

"तसं बघायला गेलं तर," पोटकलम म्हणाला, "समितीने मान्यता दिली आहे. आता सभागृहाची मंजुरी, त्यानंतर सही, मग राजपत्रात प्रसिद्धी, आणि तारखेच्या अधिसूचनेच्या अधीन राहून—"

"धाकट्या," ताई म्हणाली. "तिला हो म्हण."

पोटकलमने टाचणीकडे बघितलं. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते, आणि ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"हो," तो म्हणाला. पाठोपाठ एक 'परंतु' ओठांपर्यंत आलं होतं. ते त्याने गिळलं.